झुंबरबाईचा भोंगा

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण ही हकीगत नाव न घेता सांगायला बसले, तर नुसतं 'हे' आणि 'ते' होत राहील आणि ऐकणाऱ्याला काही पत्ता लागणार नाही. म्हणून एकदाच घेते. तोताराम. बोदवडला शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कापसाची जीन होती, तिचे चेअरमन. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा, तेव्हा इथून पुढं मीही नानाच म्हणते. मी धुरपदा, त्यांची बायको. चौथीपर्यंत शिकले आणि चाळीस वर्षं त्यांच्याशी वाद घातला.

जीन कुण्या शेठची नव्हती, ही नानांची मोठी मिरवण्याची गोष्ट. आमचा कापूस गाड्या भरभरून जळगावला जायचा आणि तिथल्या जीनवाल्याच्या दारात दिवसदिवस उभा राहायचा. नाना ऐन उन्हात गावोगाव फिरले, लोकांच्या ओट्यांवर बसले, खळ्यांत बसले. लोकांनी बायकांच्या अंगावरचं उतरवून भाग घेतले. माझ्या पाटल्या तर सगळ्यांत आधी गेल्या, कारण चेअरमनच्या बायकोनं नाही म्हटलं तर इतर बायका कशाला देतील. मी दिल्या. रुसले, पण दिल्या.

स्टेशनाच्या अलीकडे जीन उभी राहिली. बॉयलर आला, इंजिन आलं, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची लांब रांग लागली. रेच्यांवर कापूस घालायला सगळ्या बाया. डोक्याला फडकं घट्ट बांधून, तोंडावर पदर ओढून त्या दिवसभर उभ्या असत, आणि संध्याकाळी बाहेर पडल्या की भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असत. त्या बायांची मुकादमीण झुंबरबाई.

झुंबर आणि मी एकाच माहेरच्या. लहानपणी एकाच विहिरीवर भांडलेल्या. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, आणि ती व तिची धाकटी जाऊ वच्छला एकाच घरात राहायच्या. तोंडानं फटकळ. नानांना सगळा गाव वचकून असायचा, ही मात्र भर जीनमध्ये त्यांना म्हणायची, "नाना, तुमचं धोतर इंजिनात अडकलं तं कापसासंगं तुमचीबी गाठ बांधली जाईन. दूर व्हा." नाना दूर व्हायचे, आणि घरी येऊन मला सांगून हसायचे.

भोंग्याची रीत नानांनीच घातली. इंजिनाला तेल घालणारा नथ्थू तापानं गेला, तेव्हा त्याची तिरडी उचलायच्या वेळेला नानांनी स्वतः दोरी ओढून भोंगा वाजवला. रोजच्यासारखा तुटक नाही, एकच लांब. रेचे थांबले, सगळे उभे राहिले. तेव्हापासून जीनचं कोणीही माणूस जावो, बाई असो की गडी, त्याच्या नावानं एक लांब भोंगा व्हायचाच. आजूबाजूच्या गावांना तो ओळखू येऊ लागला. शेतात वाकलेला माणूस कंबर सरळ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, जीनवरचं कोणी गेलं.

झुंबर त्याचीही थट्टा करायची. "माह्या वक्ताले कंजुशी करू नका नाना. चांगला दम लागेपर्यंत वाजवा. पार माहेरापर्यंत कयू द्या, झुंबरी गेली म्हनून."

"तू जायची नाहीस," नाना म्हणायचे. "तू गेल्यावर मला बोलणारं कोण राहील?"

मंदी आली आणि कापसाला भाव उरला नाही. जीनवाले जास्त, कापूस कमी. मोठ्या जीनवाल्यांनी मग जळगावला बैठक भरवली आणि एकी केली. त्यांच्या भाषेत त्याला पूल म्हणत. त्यातली गोम अशी की, थोड्या जिना चालवायच्या, बाकीच्या बंद ठेवायच्या, आणि नफा मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बंद राहणाऱ्याला बंद राहण्याचे पैसे. मला हे नानांनी समजावून सांगितलं, तेव्हा मी तीन वेळा तेच विचारलं. कारखाना चालवून तोटा आणि कुलूप लावून नफा, हे माझ्या चौथीच्या हिशेबात बसेना.

"आपण एकीत गेलो नाही, तर ते दर पाडतील आणि दोन वर्षांत आपली जीन लिलावात घेतील," नाना म्हणाले. "भागवाल्यांचं सगळं बुडेल. एक वर्ष बंद ठेवू. जीन वाचेल."

"आणि झुंबरचं काय? तिच्या बायांचं काय?"

नानांना पैशाची हाव नव्हती, हे मी देवासमोर सांगेन. त्या वेळी भागवाल्यांच्या घरी खरोखर वाईट दिवस होते आणि नानांना रात्री झोप नव्हती. पण भाग होते ते शेतवाल्यांचे. रेच्यावर उभ्या राहणाऱ्या बायांकडे उतरवायला पाटल्याच नव्हत्या, तर भाग कुठून येणार? जीनचं भलं म्हणताना नानांच्या डोळ्यांसमोर ज्यांचे चेहरे येत, त्यांत त्या नव्हत्या. नंतर आल्या, पण सही करून झाल्यावर.

करारातली मुख्य अट बॉयलरची होती. हंगाम संपेपर्यंत तो पेटवायचा नाही. धुराड्यातून धूर निघाला की करार मोडला आणि आपला वाटा गेला. आमचं धुराडं एवढं उंच की चोरून काही करायची सोयच नव्हती.

दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला जीनचा मुहूर्त व्हायचा. झुंबर नारळ फोडायची आणि मग भोंगा. त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी नानांनी सगळ्या बायांना जीनच्या अंगणात बोलावलं. मीही गेले होते. नानांनी आधी सगळं खरं खरं सांगितलं. मग म्हणाले, "तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. माझ्या स्वतःच्या हिश्शातून हंगामभर अर्धी मजुरी देईन. कोणी यायचं नाही, काही करायचं नाही. घरी बसा, दर बाजाराच्या दिवशी पैसे घरपोच येतील."

त्यांना वाटलं होतं, बाया दुवा देतील. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या.

मग झुंबर पुढं आली. थट्टा करताना असायचा तो चेहरा नव्हता. "नाना, एक इचारते. बसल्या जागी दाने कोनाच्या घरी येतात?"

नानांना कळेना.

"ज्याच्या घरी मानूस मेलं, त्याच्या घरी," ती म्हणाली. "त्याची चूल पेटत नही म्हनून आपन भाकरी नेतो, दाने नेतो. आमच्या घरी कोन मेलं?"

"कोणी मेलं नाही, झुंबर. जीन एक वर्ष झोपली आहे, एवढंच."

"झोपलीच असन, तं मयतीचे दाने कसाले घ्याचे? असे दाने घेतले तं ती झोपलेली उठाची नही. आमी घेनार नही."

एकीनंही घेतले नाहीत. शहाणा माणूस याला वेडेपणा म्हणेल. म्हणू दे. त्या बायांनी आपला हंगाम त्या जीनच्या जिवावरून ओवाळून टाकला, असंच मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

घरी आल्यावर मी नानांना म्हटलं, "अहो, तुम्हाला बोलता येत नाही. बसून घ्या असं कशाला म्हणालात? अंगण झाडायला लावा. गोदामं सारवायला लावा. सरकीतले खडे वेचायला बसवा. हातात झाडू दिला असता तर खुशीनं घेतले असते."

"नसलेलं काम दाखवून पैसे द्यायचे? ती त्यांची थट्टा होईल," नाना म्हणाले. "मला खोटं जमत नाही."

सरळ माणसाचा एक ताठा असतो, तो फार वाईट. वाकड्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. मी पाडव्याचा सगळा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ओवाळलं, पण तोंड फिरवून ओवाळलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, "उद्या झिपरूला पाठव. बायांना सांग म्हणावं, झाडलोट आहे." झिपरू आमचा इंजिनवाला, बंद जीनवर आता राखणीला होता.

झिपरू सकाळी जाऊन परत आला. घरांना कड्या होत्या. झुंबर, वच्छला आणि आणखी पुष्कळ जणी पहाटेच्या गाडीनं जळगावला गेल्या होत्या. तिथल्या एका चालू जीनवर काम मिळत होतं.

त्या जीनचं नाव मी घेत नाही. ती एकीतली होती, म्हणजे तिच्या नफ्यात आमचाही वाटा होता. बंद पडलेल्या सगळ्या जिनांचा कापूस तिथं येऊन पडला होता. दिवसपाळी, रातपाळी, इंजिनाला उसंत नाही. अंगणात कापूस, वाटेत कापूस, दाराला टेकून कापूस. बाहेरगावच्या बायांना रांगेत सगळ्यांत आतली जागा, कारण दाराजवळची हवेशीर जागा गावच्या बाया सोडत नसत.

भागवाल्यांच्या घरी संक्रांतीला पैसे पोचले. लोकांनी नानांना हार घातला. एकानं भाषणही केलं, की नानांनी धंदाही सांभाळला आणि समाजही सांभाळला. नानांनी हार काढून खुंटीला अडकवला, तो तिथंच वाळून गेला.

त्यानंतर आठवडाभरातच जळगावहून निरोप आला. कापसात खडा होता, रेच्यात ठिणगी उडाली. दाराजवळच्या बाया बाहेर पळाल्या. आतल्यांच्या वाटेत कापसाचे ढीग होते. वच्छलाचे हात भाजले, दोघी-तिघींचे केस गेले. झुंबर अगदी शेवटच्या रेच्यावर होती.

वच्छलानं तिला केळीच्या पानांत गुंडाळून गाडीनं बोदवडला आणलं. भाजलेल्या अंगाला दुसरं काही सोसत नाही. डॉक्टरांनी ठेवून घेतो म्हटलं होतं, पण झुंबर म्हणाली, मला गावी जायचंय. डॉक्टरांनीही मग फार आग्रह केला नाही, यातच काय ते समजलं.

मी तिच्या उशाशी बसले. नवी पानं आणायची, जुनी अलगद काढायची, एवढंच काम. पानाबरोबर काय काय निघून यायचं, ते सांगवत नाही. माझं रडणं तिला आवडेना. "धुरपदे, डोये पूस. तुह्या आसवाईचं खारट पानी माह्या अंगावर पडतं ना, झोंबतं." मरतानाही तिचं तोंड तसंच.

नाना दारात येऊन उभे राहिले. त्यांना आत पाऊल टाकवेना. झुंबरनं आवाज ओळखला.

"नाना, तुमचे पैसे मी घेतले नही ना?"

"नाही, झुंबर."

"एकीनंबी नही?"

"एकीनंही नाही."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "जीन जित्ती आहे. पुढच्या पाडव्याले नारय वच्छलीले फोडू द्या."

नाना तिथंच उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना लोकांसमोर रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्यांची दया आली नाही. मला रागच आला. रडायला फार उशीर केलात, असं मनात आलं. ते बोलले नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे झुंबर गेली.

तिरडी बांधून झाली तरी माणसं हलेनात. सगळ्यांचे कान जीनकडे होते. भोंगा झाल्याशिवाय जीनचं माणूस उचलायचं कसं? नानांनी ते ओळखलं आणि जीनकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. झिपरू फाटकाशी उभा होता.

"बॉयलर पेटव," नाना म्हणाले.

झिपरूनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाना, हंगाम सरला नही अजून. धूर दिसीन. भागवाल्याईनं पैसे घेऊन टाकले. ते कुठून परत करशान?"

"ते मी पाहीन. एक भोंगा होईल एवढी वाफ कर."

थंड पडलेला बॉयलर. त्याला तापायला दुपार होणार होती. तोवर झुंबर तिच्या घरच्या अंगणात, लिंबाखाली. वच्छला तिच्या पायाशी. ऊन सरकेल तशी बाया तिच्यावर धरलेलं लुगडं सरकवत होत्या.

धुराड्यातून आधी पांढुरका, मग काळा धूर निघाला. वारा नव्हता, तो सरळ वर गेला. पुष्कळ महिन्यांनी बोदवडवर जीनचा धूर. मला त्याही वेळी क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढं जे झालं, ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. दुपारी मी जीनच्या फाटकाशी होते. नाडगावच्या वाटेनं बाया येताना दिसल्या. मग दुसऱ्या वाटेनं. आमच्याच रेच्यांवरच्या बाया, ज्या जळगावला गेल्या नव्हत्या त्या, आणि आगीनंतर परत आलेल्याही. पहाटेची बातमी त्यांच्या गावांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांनी नुसता धूर पाहिला होता. डोक्याला फडकी बांधलेली, कडेवर लेकरं, हातात भाकरीची गाठोडी. भरभर चालत होत्या. एक जण दुरूनच हसत मला म्हणाली, "अक्का, निरोप तं धाडाचा. धूर पाहून पयत आलो. सुरू झाली ना?"

मी मागं वळून पाहिलं. फाटकाच्या आत नाना दोरीला हात लावून उभे होते. त्यांनी बायांना पाहिलं. हात तसाच राहिला. झिपरू खालून म्हणाला, "नाना, वाफ झाली." मग नानांनी दोरी ओढली.

भोंगा लांबच लांब वाजला. कंजुशी केली नाही त्यांनी. बायांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मी पाहिलं आहे, आणि ते मला अजून दिसतं. वाजणं थांबलं तेव्हा त्या फाटकाबाहेर मातीत बसल्या होत्या. कोणी कोण गेलं असं विचारलं नाही. मीच सांगितलं.

झुंबरला घेऊन लोक नदीकडे गेले. आमच्यात बायका जात नाहीत. लोक परतल्यावर वच्छला जीनकडे आली, हातांना पट्ट्या तशाच. नाना स्मशानातून परत येऊन फाटकाशी उभे राहिले होते, आंघोळीचं ओलं धोतर नेसलेले.

"नाना," वच्छला म्हणाली, "पेटलीच आहे, तं चालू द्या ना. करार तसाबी मोडला."

नानांनी अंगणाकडे हात केला. जिथं या दिवसांत कापसाचे डोंगर असायचे, तिथं गवत वाढून वाळलं होतं. सगळा कापूस कधीच जळगावला गेला होता.

"घालायला काय आहे, वच्छला?" ते म्हणाले. "एक बोंडही नाही."

पुढचं आताच सांगून टाकते. एकीवाल्यांनी वाटा परत मागितला. भागवाल्यांनी घेतलेलं परत करायला नको, म्हणून नानांनी आमचं विहिरीजवळचं रान विकलं आणि स्वतः भरलं. तरी पुढच्या हंगामात एकी आमच्या दारात कापूस येऊ देईना. रेचे धुळ्याच्या एका व्यापाऱ्यानं नेले, बॉयलर कोणी नेलाच नाही. वच्छलानं नारळ फोडला नाही. नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, पण चेअरमन म्हणून हाक मारलेली त्यांना सहन होत नसे.

पण मी सांगत होते ती दुपार. बाया बसलेल्या होत्या. धुराड्यातून अजून थोडा धूर येत होता, विस्तवाला कोणी हात लावला नव्हता. एकीनं आपलं गाठोडं सोडलं. मग दुसरीनं. कामावर खायला म्हणून आणलेल्या भाकरी. त्यांनी त्या एका फडक्यात गोळा केल्या, झुंबरच्या घरी न्यायला. त्या घरी आज चूल पेटणार नव्हती.

वच्छलानं त्यातली एक भाकरी काढली. वर थोडी चटणी ठेवली. पट्ट्या बांधलेल्या दोन्ही हातांवर धरून ती नानांपुढं गेली.

"घ्या, नाना," ती म्हणाली. "तुमच्याबी घरचं गेलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर नानांना सोसला असता. ते जीनकडे पाहत राहिले, मग त्यांनी भाकरी घेतली आणि फाटकात उभ्यानंच खाल्ली.